भर ओसरतो तो जिंकतानाच

५ डिसेंबर १९४७ च्या रात्री न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंधराव्या फेरीची अखेरची घंटा झाली आणि हेवीवेट जगज्जेता जो लुईस निकाल ऐकायलाही न थांबता रिंगबाहेर पडायला निघाला. आपण हरलो, याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. समोरच्या जर्सी जो वॉलकॉटने त्याला पहिल्या फेरीत पाडलं होतं, चौथ्या फेरीत पुन्हा पाडलं होतं आणि उरलेला वेळ मागे सरकत, बाजूला वळत, मध्येच थांबून उजवा हात टाकत नुसतं झुलवलं होतं. लुईसच्या माणसांनी त्याला कसंबसं थोपवलं. मग निकाल आला. रेफरी रूबी गोल्डस्टीनचं मत वॉलकॉटला, दोन्ही जजांची मतं लुईसला. किताब शाबूत राहिला. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली.

नोंदवहीत ती लढत लुईसचा विजय म्हणूनच लागली आहे. किताब राखण्याची ती त्याची चोविसावी खेप. सहा-सात महिन्यांनी त्याने वॉलकॉटला पुन्हा रिंगमध्ये घेतलं आणि अकराव्या फेरीत झोपवलं, त्यामुळे पहिल्या लढतीचा डाग पुसलाही गेला. पण त्या डिसेंबरच्या रात्री लुईस ३३ वर्षांचा होता आणि त्याचा अंमल संपलेला होता. वॉलकॉट कुठे उघडा पडतोय हे त्याला दिसत होतं, हात मात्र तिथे उशिरा पोचत होता. हे सगळ्यांत आधी कुणाला कळलं असेल, तर दोरांकडे निघालेल्या त्या माणसालाच.

हेवीवेट जगज्जेता ऐन भरात किती वर्षं राहतो, हा बॉक्सिंगच्या चाहत्यांचा जुना वाद आहे. त्याचं उत्तर सहसा तारखांनी दिलं जातं. किताब कधी मिळाला, कधी गेला, मधली वर्षं मोजा. हा हिशेब फसवा आहे. किताब जाण्याच्या बराच आधी भर ओसरलेला असतो, आणि तो ओसरल्याची खूण बहुतेक वेळा एखाद्या जिंकलेल्या लढतीत असते. पराभव ही फक्त नंतर आलेली पावती.

किताबाची वर्षं, भराची वर्षं

लुईसचाच हिशेब मांडू. २२ जून १९३७ ला शिकागोत जेम्स ब्रॅडॉकला आठव्या फेरीत पाडून तो जगज्जेता झाला आणि १ मार्च १९४९ ला त्याने निवृत्ती जाहीर केली. अकरा वर्षं आठ महिने. या काळात त्याने पंचवीस वेळा किताब राखला. हेवीवेटमध्ये हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. पण यातली १९४२ च्या मार्चपासून १९४६ च्या जूनपर्यंतची चार वर्षं त्याने किताबासाठी एकही लढत दिली नाही. तो सैन्यात होता. युद्धाआधीचा लुईस बघा. २२ जून १९३८ ला जर्मनीच्या माक्स श्मेलिंगला त्याने १२४ सेकंदांत संपवलं. १९४१ या एका वर्षात तो सात वेळा किताब पणाला लावून रिंगमध्ये उतरला आणि सातही वेळा जिंकला. त्याचा खरा भर हाच, २३ ते २७ या वयातला, साडेचार वर्षांचा. युद्धानंतर परतला तो त्याच नावाचा, तेवढाच आदरणीय, पण जड झालेला गृहस्थ.

जॅक डेम्प्सीचा दाखला आणखी बोलका. जुलै १९१९ ते सप्टेंबर १९२६, असा सात वर्षांहून जास्त काळ तो जगज्जेता होता. मात्र सप्टेंबर १९२३ मध्ये लुईस फिर्पोला हरवल्यानंतर तीन वर्षं त्याने किताब पणालाच लावला नाही. त्या काळात त्याचा भर मोजायचा तरी कशावर? फिलाडेल्फियात जीन टनीने त्याला दहा फेऱ्या जॅबवर नाचवलं, तेव्हा लोकांना वाटलं की एका रात्रीत डेम्प्सी म्हातारा झाला. तो तीन वर्षांत झाला होता. कुणी बघितलं नव्हतं इतकंच.

आधी काय जातं

मुष्टियोद्ध्याचं शरीर एकाच वेळी थकत नाही. आधी पाय जातात. ठोसा टाकून बाहेर निघण्याचं ते एक पाऊल अर्ध्यावर येतं आणि जो माणूस एरवी मोकळ्यात दिसायचा तो दोरांवर दिसायला लागतो. पायांमागोमाग वेळेचा अंदाज जातो. प्रतिक्रियेचा वेग विशीच्या उत्तरार्धापासून अगदी हळूहळू मंदावत असतो. खुर्चीत बसून काम करणाऱ्याला तो फरक जाणवतही नाही, रिंगमध्ये तो एका फेरीत कळतो. मग दम. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता तिशीनंतर दर दशकात साधारण दहा टक्क्यांनी घटते. कसून सराव करणाऱ्यात ही घट कमी असते, पण असते. झटक्यात आकुंचन पावणारे स्नायूतंतूही वयाबरोबर बारीक होतात. या सगळ्यानंतर, अगदी शेवटी, जाते ती ठोशातली ताकद.

हेवीवेटचा घोटाळा इथेच आहे. हलक्या वजनगटांत वेग गेला की सगळंच गेलं, हिशेब लवकर चुकता होतो. हेवीवेटमध्ये आता २०० पौंडांच्या, म्हणजे ९०.७ किलोंच्या वर वजनाला मर्यादा नाही. तिथे अकरा फेऱ्या मार खाल्लेला माणूसही बाराव्या फेरीत एका ठोशाने लढत फिरवू शकतो. त्यामुळे भर ओसरल्यावरही विजय येत राहतात. खातेदार व्याजावर जगतोय असं जगाला वाटतं. प्रत्यक्षात तो मुदलाला हात घालत असतो आणि पासबुक बघायची सवय कुणालाच नसते.

हे मुद्दल म्हणजे डोकं. न्यू जर्सीतल्या हॅरिसन मार्टलंड या डॉक्टरांनी १९२८ मध्येच अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं होतं की, वर्षानुवर्षं डोक्यावर ठोसे खाल्लेल्या मुष्टियोद्ध्यांची चाल अडखळते, बोलणं जड होतं, हालचाली संथ होतात. असं नुकसान एखाद्या गाजलेल्या नॉकआउटमुळेच होतं असं नाही. बंद जिममध्ये सरावाच्या जोडीदाराकडून खाल्लेले, कुणीच न मोजलेले ठोसेही त्यात जमा होत जातात.

जिंकलेल्या लढतीत भर ओसरल्याची खूण कशी ओळखायची? मागे वळून पाहताना प्रत्येक गोष्ट खूण वाटते, म्हणून कसोटी आधीच ठरवलेली बरी. पूर्वी जो ठोसा हुकवला जायचा तो आता लागतो का? पूर्वी लवकर संपणाऱ्या लढती शेवटपर्यंत रेंगाळतात का? आणि फेरीच्या तीन मिनिटांतली काही मिनिटं माणूस लढण्याऐवजी विसावा घेण्यात घालवतो का, म्हणजे मिठी मारणं, दोरांना टेकणं, नुसतं बघत राहणं? या तीनपैकी दोन गोष्टी सलग दोन लढतींत दिसल्या, तर निकाल काहीही लागो, उतार सुरू झाला असं धरून चालावं.

पहिला अली, दुसरा अली

ही कसोटी सर्वांत क्रूरपणे लागू पडते ती मुहम्मद अलीला. २५ फेब्रुवारी १९६४ ला मायामी बीचवर सॉनी लिस्टनला हरवून तो जगज्जेता झाला, तेव्हा तो २२ वर्षांचा होता. वजन २१० पौंडांच्या आसपास, हात कमरेपाशी, डोकं मागे झुकवून ठोसा बोटभर अंतराने चुकवायची सवय. प्रशिक्षक जे करू नका म्हणून सांगतात ते सगळं तो करायचा आणि पायांच्या जोरावर निभावून न्यायचा. मार्च १९६६ ते मार्च १९६७ या बारा महिन्यांत त्याने सात वेळा किताब राखला. नोव्हेंबर १९६६ मध्ये ह्यूस्टनला क्लीव्हलंड विल्यम्सला त्याने तीन फेऱ्यांत ज्या रीतीने मोडलं, ते हेवीवेट बॉक्सिंगचं सर्वोत्तम दर्शन होतं असं पुष्कळ जाणकार मानतात. त्याच जाणकारांनी हेही सांगायला हवं की, दोन वर्षांपूर्वी पोलिसाची गोळी लागून विल्यम्सने एक मूत्रपिंड गमावलेलं होतं.

व्हिएतनाम युद्धासाठी भरती व्हायला अलीने एप्रिल १९६७ मध्ये नकार दिला आणि त्याचा परवाना गेला. २२ मार्च १९६७ नंतर तो थेट २६ ऑक्टोबर १९७० ला अटलांटात जेरी क्वॅरीसमोर उभा राहिला. मधले ४३ महिने गेले होते. २५ ते २८ हे वय, म्हणजे ऐन भरातली वर्षं. काहीजण म्हणतात की या सक्तीच्या विश्रांतीत त्याने ठोसे खाल्ले नाहीत, म्हणून तो पुढे टिकला. मला हा युक्तिवाद पटत नाही. परतलेल्या अलीकडे ते पाय राहिले नव्हते. पाय नसले तर ठोसे चुकवता येत नाहीत, आणि चुकवता आले नाहीत तर पचवावे लागतात. आपण पचवू शकतो, हा शोध त्याला लागला आणि तोच त्याचा घात करून गेला. सरावातसुद्धा तो दोरांना टेकून जोडीदारांना मारू द्यायचा.

किन्शासात ३० ऑक्टोबर १९७४ ला त्याने जॉर्ज फोरमनला आठव्या फेरीत पाडलं, तो मुत्सद्देगिरीचा विजय होता. पण कसोटी लावून बघा. सात फेऱ्या दोरांवर रेलून जगातले सर्वांत जड ठोसे अंगावर घेणं, हा १९६६ च्या अलीचा मार्ग नव्हता. त्याला तशी गरजच पडली नसती. मग १ ऑक्टोबर १९७५ ची मनिला. जो फ्रेझरशी चौदा फेऱ्या. फ्रेझरचे डोळे सुजून बंद झाल्यावर त्याचा प्रशिक्षक एडी फच याने पंधराव्या फेरीला त्याला उठू दिलं नाही. अली जिंकला. त्या रात्री दोघंही मुष्टियोद्धे म्हणून संपले, एवढाच त्या विजयाचा अर्थ.

मनिलानंतर अली आणखी सहा लढती लागोपाठ जिंकला. हे सहा विजय म्हणजे माझ्या म्हणण्याचा सर्वांत ठळक पुरावा. जिमी यंग आणि केन नॉर्टन यांच्यासोबतचे निकाल अनेकांना मान्य नव्हते. सहावी लढत २९ सप्टेंबर १९७७ ला अर्नी शेव्हर्सशी झाली. शेव्हर्सच्या उजव्या हाताची दहशत होती. अलीने तो हात पंधरा फेऱ्या खाल्ला आणि गुणांवर जिंकला. त्यानंतर गार्डनच्या लढती ठरवणारा टेडी ब्रेनर म्हणाला की, आता इथे अलीची लढत होणार नाही. अलीचे डॉक्टर फर्डी पाचेको यांनी मूत्रपिंडं बिघडल्याचा अहवाल अलीला, त्याच्या पत्नीला आणि त्याच्या माणसांना पाठवला. एकाचंही उत्तर आलं नाही. पाचेको बाजूला झाले. पाच महिन्यांनी, अवघ्या सात व्यावसायिक लढती खेळलेल्या लिऑन स्पिंक्सने किताब हिसकावला, तेव्हा जगाला धक्का बसला. सप्टेंबर १९७८ मध्ये अलीने तो परत मिळवला, आणि जग पुन्हा निर्धास्त झालं.

१९८० च्या सुरुवातीला अली भारतात आला होता. मद्रासमध्ये त्याने आपला लुईव्हिलचा जुना मित्र जिमी एलिस याच्याशी प्रदर्शनी लढत केली. आपल्या लोकांनी डोळे भरून पाहिलेला तो माणूस ३८ वर्षांचा होता आणि निवृत्त झालेला होता. त्याच वर्षी तो परत उतरणार म्हणाला, तेव्हा मेयो क्लिनिकमध्ये त्याची तपासणी झाली. एका पायावर उडी मारताना अपेक्षेइतकी चपळाई नाही, बोटाने नाक गाठताना नेम किंचित चुकतो, असं अहवालात लिहिलेलं होतं. तरी परवाना मिळाला. २ ऑक्टोबर १९८० ला लास वेगासमध्ये, एके काळी त्याचा सरावातला जोडीदार असलेल्या लॅरी होम्ससमोर तो दहा फेऱ्या नुसता उभा राहिला आणि त्याचा प्रशिक्षक अँजेलो डंडी याने लढत थांबवली. १९८४ मध्ये पार्किन्सनचं निदान झालं. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या वाणीतज्ज्ञांनी २०१७ मध्ये त्याच्या जुन्या मुलाखतींचा अभ्यास मांडला. २६ ते ३९ या वयात अलीच्या बोलण्याचा वेग २६ टक्क्यांनी उतरलेला होता. जगातला सर्वांत वाचाळ खेळाडू टीव्हीवर, सगळ्यांच्या देखत, हळू बोलायला लागला होता, आणि तरीही जिंकत होता.

अंगावर जाणारे, अंतर राखणारे

भर किती टिकतो याचा वयापेक्षा शैलीशी जवळचा संबंध आहे. जे प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर चालून जातात त्यांचा काळ छोटा. फ्रेझर १८० सेंटिमीटरच्या आसपास, रॉकी मार्सियानो आणि माइक टायसन त्याहूनही बुटके. उंच माणसाच्या हाताच्या आत शिरल्याशिवाय त्यांना मारताच येत नाही, आणि आत शिरण्याची किंमत प्रत्येक वेळी डोक्याने मोजावी लागते.

फ्रेझरचा आयुष्यातला सर्वांत मोठा विजय ८ मार्च १९७१ चा. गार्डनमध्ये त्याने अलीला पंधराव्या फेरीत डाव्या हूकने पाडलं आणि गुणांवर हरवलं. मग तो इस्पितळात गेला. पुढच्या २२ महिन्यांत त्याने किताब फक्त दोनदा पणाला लावला, तोही दुय्यम माणसांसमोर. २२ जानेवारी १९७३ ला किंग्स्टनमध्ये फोरमनने त्याला दोन फेऱ्यांच्या आत सहा वेळा पाडलं, तेव्हा तो २९ वर्षांचा होता. फोरमनने एका अजिंक्य योद्ध्याला संपवलं असं वर्णन होतं. माझ्या मते ते काम अलीने हरता हरता दोन वर्षं आधीच केलं होतं.

माइक टायसनची गोष्ट वेगळी, कारण त्याचं शरीर थकलंच नव्हतं. २२ नोव्हेंबर १९८६ ला ट्रेव्हर बर्बिकला दोन फेऱ्यांत आडवा करून तो २० व्या वर्षी जगज्जेता झाला, सर्वांत तरुण हेवीवेट जगज्जेता. २७ जून १९८८ ला अटलांटिक सिटीत मायकेल स्पिंक्स ९१ सेकंदांत गारद. या एकोणीस महिन्यांएवढा धाक हेवीवेटमध्ये क्वचितच कुणी बसवला असेल. त्याला घडवणारा कस डमॅटो १९८५ मध्ये वारला होता, मॅनेजर जिमी जेकब्स मार्च १९८८ मध्ये गेला आणि त्याच वर्षी प्रशिक्षक केव्हिन रूनीला टायसनने काढून टाकलं. फेब्रुवारी १९८९ मध्ये त्याने फ्रँक ब्रूनोला पाचव्या फेरीत हरवलं. निकाल ठीक, पण पहिल्याच फेरीत ब्रूनोच्या हूकने तो हलला होता. डोकं सतत हलवत, जॅबमागून आत शिरणारा टायसन सरळ चालत आत जायला लागला होता. एका वर्षाने टोकियोत बस्टर डग्लसने त्याला दहाव्या फेरीत पाडलं, तेव्हा तो जेमतेम २३ वर्षांचा होता. शरीर भरात असूनही मुष्टियोद्धा भरात नसू शकतो. वेग आणि ताकद त्याची होती, शिस्त कॉर्नरमधल्या माणसांची होती, आणि ती माणसं निघून गेल्यावर शिस्तही गेली. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये, ५८ व्या वर्षी, टेक्सासमध्ये जेक पॉलविरुद्ध तो पुन्हा रिंगमध्ये उतरला, तो तमाशा होता. त्याला भराच्या हिशेबात धरायचं कारण नाही.

दुसरी जात अंतर राखणाऱ्यांची. लॅरी होम्सचा डावा जॅब हा हेवीवेटमधल्या सर्वोत्तम जॅबांपैकी एक. जून १९७८ ते सप्टेंबर १९८५, सात वर्षं तीन महिने तो जगज्जेता होता. त्याच्याही जिंकलेल्या लढतींत खुणा आहेत. मे १९८३ मध्ये नवख्या टिम विदरस्पूनविरुद्ध जजांची मतं फुटली, मे १९८५ मध्ये कार्ल विल्यम्सने त्याला शेवटपर्यंत घाम फोडला. चार महिन्यांनी मायकेल स्पिंक्सने त्याला हरवलं आणि मार्सियानोच्या ४९ विजयांची बरोबरी करायची राहून गेली. भर मात्र पाच वर्षं नक्की टिकला होता, फ्रेझरच्या दुपटीच्या जवळपास.

आणि व्लादिमिर क्लिच्को. १९८ सेंटिमीटर उंच हा युक्रेनी २००३ आणि २००४ मध्ये दोनदा वाईट रीतीने हरला आणि लोकांनी त्याला मोडीत काढलं. प्रशिक्षक इमॅन्युएल स्टुअर्ड यांनी त्याला एकच गोष्ट शिकवली, लांबून लढ. जॅब, मागून उजवा हात, प्रतिस्पर्धी जवळ आला तर मिठी मारून अंगाचा भार टाकायचा. प्रेक्षकांना जांभया आल्या, पण एप्रिल २००६ पासून नोव्हेंबर २०१५ पर्यंत, साडेनऊ वर्षं, तो हरला नाही. तिशी ते एकोणचाळिशी! कमी ठोसे खाणं हाच दीर्घ भराचा मार्ग आहे, हे त्याने कंटाळवाण्या पद्धतीने का होईना, सिद्ध केलं. स्टुअर्ड २०१२ मध्ये वारले. एप्रिल २०१५ मध्ये ब्रायंट जेनिंग्जविरुद्ध तो जिंकला खरा, पण इतक्या मिठ्या मारून की रेफरीने गुण कापला. सात महिन्यांनी ड्यूसेलडॉर्फला टायसन फ्युरीसमोर त्याचा हातच सुटेना.

पंचेचाळिशीतला फोरमन

या सगळ्याला खोटं पाडायला लोक फोरमनला पुढे करतात. ५ नोव्हेंबर १९९४ ला लास वेगासमध्ये मायकेल मूररला दहाव्या फेरीत नॉकआउट करून तो ४५ व्या वर्षी जगज्जेता झाला. किन्शासात घातलेली लाल चड्डीच त्याने त्या रात्री घातली होती, आणि किन्शासात अलीच्या कॉर्नरला असलेला डंडी या खेपेला त्याच्या कॉर्नरला होता. अशी कथा कादंबरीतही खपत नाही.

पण फोरमन भरात होता का? तिन्ही जजांच्या कागदांवर तो मागे होता. नऊ फेऱ्या मूररचे जॅब खात तो पुढे सरकत राहिला आणि एक जुना उजवा हात नेमका हनुवटीवर बसला. त्याचं वजन अडीचशे पौंड होतं, १९७४ पेक्षा तीस पौंडांनी जास्त. सगळ्यांत शेवटी ताकद जाते, या जिममधल्या समजुतीची ही सर्वांत मोठी साक्ष. तो १९७७ ते १९८७ अशी दहा वर्षं रिंगपासून दूर होता, धर्मोपदेश करत होता, हाही त्याच्या यशाचा भाग असावा. फोरमनचा भर मात्र १९७३-७४ चा, पावणेदोन वर्षांचा. ४५ व्या वर्षी त्याने किताब जिंकला, भर परत मिळवला नाही.

आजचे दोघे

९ ऑक्टोबर २०२१ ला लास वेगासमध्ये टायसन फ्युरीने डिऑन्टे वाइल्डरला अकराव्या फेरीत पाडलं. चौथ्या फेरीत फ्युरी स्वतः दोनदा पडून उठला होता. लोकांनी त्याच्या जिद्दीचं कौतुक केलं आणि ते योग्यच होतं. पण आपली कसोटी काय सांगते? क्लिच्कोला हवेत ठोसे मारायला लावणारा फ्युरी आता ठोसे खाऊन जिंकत होता. दोन वर्षांनी रियाधमध्ये फ्रान्सिस न्गानूने, आपल्या पहिल्याच व्यावसायिक बॉक्सिंग लढतीत, त्याला तिसऱ्या फेरीत पाडलं. फ्युरी विभागलेल्या निकालाने जिंकला. म्हणजे या दोन्ही विजयांत खुणा. १८ मे २०२४ ला ऑलेक्सांद्र उसिकने त्याला हरवलं, डिसेंबरमध्ये पुन्हा हरवलं.

उसिक हा या प्रश्नाचा सध्याचा जिवंत नमुना. जन्म १७ जानेवारी १९८७, म्हणजे अलीचा वाढदिवस. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकचं सुवर्णपदक, व्यावसायिक रिंगमध्ये पहिलं पाऊल २६ व्या वर्षी, हेवीवेटचा किताब ३४ व्या वर्षी. १९ जुलै २०२५ ला वेम्ब्लीवर डॅनियल डुबॉइसला पाचव्या फेरीत संपवून तो पुन्हा चारही संघटनांचा निर्विवाद जगज्जेता झाला, तेव्हा तो साडेअडतीस वर्षांचा होता. या वयात लुईस निवृत्त झालेला होता, अली मद्रासमध्ये प्रदर्शनी लढत करत होता.

उसिकला हे कसं जमलं? तो हेवीवेटच्या मानाने लहान आहे, म्हणून त्याचं सगळं तंत्र कोनांवर आणि पायांवर उभं आहे. ठोसा पचवण्याची चैन त्याला परवडतच नाही. त्याने सुरुवातीची वर्षं खालच्या वजनगटात काढली. आणि तो क्वचित लढतो. सप्टेंबर २०२१ ते जुलै २०२५ या जवळपास चार वर्षांत त्याच्या सहा लढती झाल्या. अलीच्या १९६६-६७ मध्ये बारा महिन्यांत सात. लढतही आता पंधराऐवजी बारा फेऱ्यांची असते. १९८२ मध्ये कोरियाचा किम डुक-कू लढतीनंतर दगावला, त्यानंतर हा बदल सुरू झाला. उसिक ३८ व्या वर्षी तरुण दिसला, याचं बरंचसं श्रेय या आकड्यांना आहे. चाहते मात्र त्याला वर्षातून एक-दोनदाच पाहू शकतात. भर लांबतो तो असा, लढती कमी करून.

खूण ओळखलेले दोघे

जिंकताना आपला उतार ओळखणं अशक्य नाही. किमान दोघांनी ते करून दाखवलं.

रॉकी मार्सियानोची शेवटची लढत २१ सप्टेंबर १९५५ ची, आर्ची मूरविरुद्ध. मूरने त्याला दुसऱ्या फेरीत पाडलं. मार्सियानोने नवव्या फेरीत मूरला संपवलं. पाठ दुखत होती, घरच्यांना तो घरी हवा होता. एप्रिल १९५६ मध्ये, ३२ व्या वर्षी, ४९ पैकी ४९ लढती जिंकून तो थांबला. साडेचार वर्षांपूर्वी, ३७ वर्षांच्या जो लुईसला त्यानेच आठव्या फेरीत दोरांबाहेर फेकलं होतं. लुईस तेव्हा करांच्या थकबाकीपायी परत लढत होता; उशिरा थांबलेल्या माणसाचं काय होतं हे मार्सियानोने इतक्या जवळून पाहिलं होतं की तो त्या रात्री रडला होता.

दुसरा लेनक्स लुईस. २१ जून २००३ ला लॉस एंजेलिसमध्ये, ३७ वर्षांचा आणि २५६ पौंडांचा लुईस व्हिताली क्लिच्कोविरुद्ध तिन्ही जजांच्या कागदांवर मागे होता. सहा फेऱ्यांनंतर क्लिच्कोच्या डोळ्यावरची जखम बघून डॉक्टरांनी लढत थांबवली आणि लुईस जिंकला. पुन्हा लढण्यासाठी मोठ्या पैशांची बोली लागू शकत होती. पुढच्या फेब्रुवारीत त्याने निवृत्ती जाहीर केली आणि ती पाळली.

तर उत्तर काय? अंगावर जाणाऱ्याला दोन-तीन वर्षं, अंतर राखणाऱ्याला पाच-सहा. व्लादिमिर क्लिच्को आणि उसिकसारखे त्याहून जास्त ताणतात, पण त्यासाठी ते कमी मार खातात, किंवा कमी लढतात. वयाचा आकडा यात दुय्यम आहे. खेळाची रचनाच अशी आहे की उतार सुरू झाल्यावर सर्वांत जास्त पैसा मिळतो, कारण तोवर नाव मोठं झालेलं असतं. म्हणून कॉर्नर, मॅनेजर, टीव्ही आणि आपण प्रेक्षक, यांपैकी कुणालाही त्याला थांबवायची घाई नसते. पराभवानंतर हळहळणं सोपं असतं आणि तोवर नुकसान होऊन गेलेलं असतं. उसिक पुढे जिंकेल तेव्हा निकाल बाजूला ठेवून एवढंच बघावं: पूर्वी हुकणारे किती ठोसे आता त्याला लागले. तेवढं बघणारे प्रेक्षक अलीला मनिलानंतर मिळाले असते, तर त्या सहा विजयांवर कुणी टाळ्या वाजवल्या नसत्या.